उपकारस्तुती मोघम नको, नाव घेऊन करा

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

सुगी सुरू झाली की खानापूर, बेळगाव, चिकोडीकडच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुतीच्या सणाची, म्हणजे पीक वाहून देवाचे आभार मानण्याच्या सणाची, बोलणी सुरू होतात, म्हणून हा विषय आत्ताच लिहितो. आपल्या घरसभांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: प्रभू, तू दिलेल्या सगळ्या आशीर्वादांबद्दल तुझे उपकार मानतो. वाक्यात चूक काहीच नाही. पण म्हणणाऱ्याला विचारलं की सगळ्या म्हणजे कोणत्या, आजच्या दिवसातला एक सांग, तर पुष्कळांना पटकन सांगता येत नाही. माझं मत ठाम आहे. ज्या आशीर्वादाचं नाव घेता येत नाही तो आपल्याला दिसलेलाच नसतो, आणि न दिसलेल्याचे उपकार मानणं ही फक्त तोंडची सवय होते. आधी दिसायला हवं. आणि दिसणं शिकावं लागतं, रोज थोडं थोडं, जसं लहान मुलाला अक्षर शिकवतो तसं.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढून वाचा. येशू यरुशलेमेकडे निघाला आहे आणि वाट शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून जाते. तिथं दहा कुष्ठरोगी भेटतात. तो त्यांना जागच्या जागी बरं करत नाही. जा, याजकांना (मंदिरातल्या पुरोहितांना) स्वतःला दाखवा, एवढंच सांगतो. ते निघतात आणि वाटेत शुद्ध होतात. दहाही जणांना सारखंच मिळालं. पुढे एकाबद्दल जे लिहिलं आहे त्याचा क्रम लक्ष देऊन बघा: आपण बरे झालो हे त्याने पाहिलं, तो मागे फिरला, मोठ्याने देवाची स्तुती केली, येशूच्या पायाशी पालथा पडला, उपकार मानले. पाहणं पहिलं आहे, उपकार मानणं शेवटचं. बाकीचे नऊ दुष्ट होते असं कुठेच लिहिलेलं नाही. सांगितल्याप्रमाणे ते याजकाकडेच चालले होते, म्हणजे धर्माच्याच कामात होते. धर्माच्या कामात असलेल्या माणसालाही स्वतःच्या अंगावरचं बरं होणं दिसायचं राहून जातं, हे आपण मंडळीतल्या लोकांनी मनाला लावून घ्यावं. परत आला तो शोमरोनी होता, सीमेपलीकडचा, ज्यांच्याशी यहूदी व्यवहारही ठेवत नसत. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात अशा भागात आपण राहतो. ही गोष्ट तर आपल्याला नेमकी कळायला हवी.

आता पाहायला शिकायचं कसं, ते सांगतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे रोज एकच वस्तू हातात घ्यायची आणि ती आपल्यापर्यंत ज्या वाटेने आली त्या वाटेने उलटं चालत जायचं. तांब्याभर पाणी घ्या. बेळगाव शहरातलं पाणी राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर आहे, हिडकल घटप्रभेवर. सह्याद्रीकडे जून ते सप्टेंबर पडलेला पाऊस तिथं अडतो. तिथून पंपाने उचलून लक्ष्मी टेकसारख्या शुद्धीकरण केंद्रात आणतात, तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन मिसळतात, मग ते टाकीत आणि टाकीतून नळाला येतं. शहरातल्या ५८ पैकी १० प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. बाकी पुष्कळ गल्ल्यांत ते काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायला कोणीतरी माणूस यावा लागतो, कधी भल्या पहाटे. घरात उठून ते भरून ठेवणारी बाई वेगळीच, बहुतेक घरांत तिचे आभार कोणी मानत नाही.

यात नियम एवढाच: निदान चार पायऱ्या मागे जा, प्रत्येक पायरीवर एक माणूस हुडका, आणि शेवटी अशा जागी पोहोचा जिथं माणसाचा हात नाही. पाण्याच्या बाबतीत ती जागा ढग आहे. प्रार्थना तिथून सुरू करा आणि त्याच पायऱ्यांनी खाली घरापर्यंत या: देवा, पावसाबद्दल, नदीबद्दल, रात्रपाळीला पंपावर बसणाऱ्याबद्दल, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याबद्दल, घागर भरणारीबद्दल. दोन मिनिटं लागतात. स्तोत्र १०४ असंच रचलेलं आहे. डोंगरातले झरे, त्यावर तहान भागवणारी रानजनावरं, गुरांसाठी गवत, माणसासाठी भाकर, असं ते वरून खाली उतरत येतं.

ताटातल्या भाताचंही तसंच. इंटाण जातीचा असो की येळ्ळूर शिवारातला बासमती, त्यामागे नांगरट आहे, धूळवाफ पेरणी किंवा रोप, चिखलणी, पावसात डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन वाकून केलेली लावणी, भांगलण, कापणी, मळणी आणि गिरणी. यात हमखास होणारी चूक एकच. माणूस दुकानापर्यंत जातो आणि थांबतो: मी पैसे मोजले, आणलं, संपलं. पैसे मोजले हे खरं, पण ती साखळीतली सगळ्यात अलीकडची कडी आहे, आणि त्या कडीवर उभं राहिलं की फक्त आपणच दिसतो. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, मोशे लोकांना हीच भीती घालतो. तुम्ही खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, आणि मनात म्हणाल की हे माझ्याच बाहुबळाने मिळालं.

त्याच अध्यायातून जेवणाच्या प्रार्थनेबद्दल एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपण जेवणाआधी प्रार्थना करतो. ती करावीच, येशूनेही भाकर मोडण्याआधी उपकार मानले. पण अनुवाद ८:१० मध्ये आज्ञा आहे ती खाऊन तृप्त झाल्यावर देवाला धन्यवाद देण्याची. आधीच्या प्रार्थनेत पोटात भूक असते, कालवणाचा वास येत असतो, पोरं हात पुढे करून बसलेली असतात. म्हणून ती धावत उरकली जाते. विसर पडायची खरी वेळ पोट भरल्यावरची. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर, ताटं उचलायच्या आधी, एका वाक्याची प्रार्थना ठेवा, आणि त्यात त्या जेवणातला एक पदार्थ आणि तो करणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. 'अन्नाबद्दल' हा शब्द त्या प्रार्थनेत बंद करा. 'मसुरीच्या आमटीबद्दल आणि ती करणाऱ्या वहिनीबद्दल' असं म्हणा. आठवडाभरात घरात फरक जाणवायला लागतो, कारण आता स्वयंपाक करणारीही ते ऐकत असते.

वही ठेवण्याबद्दल बरेच जण विचारतात. ठेवा, पण नीट ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात बंद पडते. बंद पडण्याचं कारणही ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी माणूस आरोग्य, कुटुंब, नोकरी असे मोठे शब्द लिहितो. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी लिहायला काही उरत नाही आणि वाटतं, आपल्याकडे एवढंच आहे. म्हणून साधी शंभर पानी वही घ्या, तारीख घाला आणि रोज तीनच ओळी लिहा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय मिळालं, कोणाच्या हातून, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी. 'आरोग्य' असं लिहायचं नाही. 'सकाळी जिना चढताना गुडघा दुखला नाही, काल शेजारच्या काकूंनी शेकायला पिशवी दिली होती' असं लिहायचं. सात दिवसांत एकही ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही. ही अट जाचक वाटते, पण डोळे तीच उघडते. निर्गम १६ मधला मान्ना आठवा, रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), रोज सकाळी नवा गोळा करायचा; सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती आणि तेवढाच टिकायचा. कालच्या उपकारांवर आजची स्तुती भागवायला गेलं की ती शिळी होते, हे ज्याने वही लिहून पाहिली त्याला लगेच कळतं. एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर मागची भरपाई करत बसू नका. आजच्या तीन ओळी लिहा आणि पुढे चला.

ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी इग्नातियस लोयोलाची रीत उत्तम. बेळगावात १८५६ साली सुरू झालेलं सेंट पॉल्स हायस्कूल ज्या जेजुइट फादरांकडे आहे, त्यांच्या संघाचा हा संस्थापक, १४९१ ते १५५६ या काळातला. त्याने दिवसाच्या तपासणीचे पाच टप्पे घालून दिले: मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, दिवसाचा तास-तास आढावा, क्षमायाचना, आणि उद्या सुधारण्याचा निश्चय. आभार पहिले आहेत हे लक्षात घ्या. आपण बहुतेक जण उलटं करतो, आधी पापांची यादी, मग मागण्यांची यादी, आणि झोप यायला लागली की शेवटी घाईत धन्यवाद. रात्री दहा-बारा मिनिटं पुरतात. त्यातली निम्मी पहिल्या टप्प्याला द्या. सकाळी डोळे उघडले तिथून सुरू करून तासातासाने पुढे सरका. उडी मारून दुपारवर जाऊ नका, कारण छोट्या गोष्टी मधल्याच तासांत असतात. अंथरुणावर आडवं होऊन करू नका, अर्ध्यात झोप लागते. खुर्चीवर बसा. ही कॅथलिकांची रीत आहे म्हणून आपल्या मेथडिस्ट किंवा इतर मंडळींतल्या कोणी बिचकू नये. यात पवित्र शास्त्राबाहेरचं काही नाही. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (४:२) प्रेषित पौल प्रार्थनेत जागं राहणं आणि उपकार मानणं या दोन्ही गोष्टी एकाच वचनात सांगतो.

मुलांच्या बाबतीत थोडं वेगळं करावं लागतं. 'आज कशाबद्दल देवाचे आभार मानशील?' असं विचारलं की मूल वरच्या वर्गातल्या मुलासारखं पाठ उत्तर देतं: आईबाबा, जेवण, घर. त्याऐवजी विचारा, 'आज तुला कोणी काय दिलं?' मग उत्तर येतं की बाकावरच्या मैत्रिणीने खोडरबर दिलं, रिक्षावाल्या मामांनी दप्तर उचललं. तेच त्याच्या प्रार्थनेत घाला. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला एकच गोष्ट पुरे. तो रोज कुत्र्याबद्दल आभार मानत असेल तर मानू द्या, दुरुस्त करू नका. मोठ्या मुलांना स्तोत्र १३६ ची चाल आवडते. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सर्वकाळची आहे हीच ओळ येते. घरातल्या एकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी मिळून ती ओळ म्हणायची. पाच-सहा फेऱ्यांत संपवा. लांबवलं की मुलं मोबाईलकडे बघू लागतात.

आता माणसांबद्दल, कारण आपण इथं सगळ्यात कमी पडतो. देवाचे उपकार मानून माणसाचे राहिले तर अर्धंच काम झालं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नावांची यादी म्हणून सोडून देतो. वाचा तो. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी, तिने पुष्कळांना मदत केली. प्रिस्का आणि अक्विला, त्यांनी पौलासाठी स्वतःचा गळा धोक्यात घातला. रूफची आई, ती मलाही आईच आहे असं पौल म्हणतो. फिलिप्पैकरांना तुरुंगातून आभार मानताना तो मदत आणणाऱ्या एपफ्रदीताचं नाव घेतो, थेस्सलनीकेत असताना त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं याची आठवण काढतो, आणि मला देणगीचा लोभ नाही हेही स्पष्ट करतो. आभार मानायचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही: नाव, नेमकी गोष्ट, जुनी आठवण, आणि नवीन काही मागणं नाही. पुढच्या वेळी कोणाला आभाराचा निरोप पाठवाल तेव्हा यातलं शेवटचं नीट पाळा. आभाराच्या मागोमाग काम सांगितलं की समोरच्याला ती प्रस्तावना वाटते. आणि समोरचा कन्नड बोलणारा असेल, बसचा कंडक्टर असो की दवाखान्यातली सिस्टर, तर मोडक्यातोडक्या का होईना, कन्नडमध्ये दोन शब्द बोला. आपल्या भागात भाषेवरून मनं दुखावली गेलेली आहेत. त्या भाषेत मानलेले आभार लांबपर्यंत पोहोचतात.

चुकीच्या उपकारस्तुतीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. पहिली चूक तुलनेची: 'त्या घरापेक्षा आपलं बरं आहे, प्रभूची कृपा.' लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, हेच म्हणत होता, देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. मंदिरात आभार मानणारा तो होता, पण नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, छाती बडवणारा जकातदार. दुसऱ्याच्या दुःखाच्या आधाराशिवाय ज्या आशीर्वादाचं नाव घेता येत नाही, तो पुन्हा तपासून बघा. दुसरी चूक सौद्याची, उपकार मानले की अजून मिळेल. हे हल्ली मोठ्या स्टेजवरून शिकवलं जातं आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. तो शोमरोनी परत आला तेव्हा त्याचं मागणं आधीच पूर्ण झालं होतं. तो काही मागायला आला नव्हता.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दुखवणारी. घरात मयत झालं आहे, नाहीतर नुकताच कॅन्सरचा रिपोर्ट आला आहे, आणि मंडळीतलं कोणीतरी म्हणतं, सगळ्यात उपकार माना, पौलाने सांगितलंय. पौलाने १ थेस्सलनी ५:१८ मध्ये प्रत्येक परिस्थितीत उपकार मानायला सांगितलं. वाईटाला चांगलं म्हणायला सांगितलेलं नाही. तोच पौल रोमकरांस १२:१५ मध्ये रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. लाजर या मित्राच्या कबरेजवळ येशू रडला. स्तोत्रांतली कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत, आणि स्तोत्र १३ तर 'किती वेळ?' अशा विचारण्यानेच सुरू होतं. दुःखातल्या माणसाकडे जाल तेव्हा उपकारांची यादी घेऊन जाऊ नका. भाकरी-आमटीचा डबा घेऊन जा, बसा, कमी बोला. त्याला जेव्हा एखादी गोष्ट दिसेल तेव्हा तो आपणहून म्हणेल, आणि नाही म्हणाला तरी चालेल.

वाईट सालाचंही असंच आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून भात आडवं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांनी जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात घातली. अशा वर्षी उपकारस्तुतीचा सण कसा करायचा? हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, याचं उत्तर आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं एकेक नाव घेऊन तो आधी नुकसान मोजतो आणि त्यानंतर म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नुकसान झाकून त्याने स्तुती केली नाही. त्याप्रमाणे त्या वर्षीच्या उपासनेत आधी कोणाचं किती गेलं ते पाळकांनी नावानिशी वाचावं, प्रार्थना व्हावी, आणि नंतरच गीत घ्यावं. पीक बुडालेल्या घराने रिकामी टोपली आणली तर तीही वेदीपाशी ठेवावी.

आता सणाच्या तयारीबद्दल, कारण कमिट्यांच्या बैठका होतील. अनुवाद २६ मध्ये प्रथमफळाच्या अर्पणात तीन गोष्टी आहेत. टोपली, टोपली ठेवताना तोंडाने सांगायची हकीकत, की आमचा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गुलाम होता, देवाने बाहेर काढलं, आणि त्यानंतर लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती) व परदेशी यांच्यासह आनंद करणं. आपल्याकडे पहिली गोष्ट झकास होते. ऊस, नारळ, भाताच्या पेंढ्या, रताळी, गूळ, अंडी, कोंबड्या, सगळी वेदी भरून जाते. दुसरी जवळजवळ होत नाही. तिसरीच्या जागी वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो.

लिलावाला माझा सरसकट विरोध नाही, त्यातून मंडळीचं काम चालतं. पण एका नारळावर चढाओढ लागली की ज्याने बोली जिंकली त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहतं आणि ज्याने नारळ वाढवला त्याचं कोणालाच माहीत नसतं. म्हणून लिलावाआधी प्रत्येक टोपलीची चिठ्ठी वाचा: कोणाच्या शेतातलं, लावणीला आणि कापणीला कोण होतं, मजुरांची नावंही. एका टोपलीला अर्धं मिनिट पुरतं. आलेल्या धान्यातला ठरलेला हिस्सा, निदान चौथा भाग, लिलावात न आणता बाजूला काढा आणि त्याच आठवड्यात गावातल्या गरजू घरी पोहोचवा, ते घर मंडळीचं नसलं तरी. लेवीय १९:९ मध्ये शेताचे कोपरे कापू नका अशी आज्ञा आहे, ती गरीब आणि उपऱ्यासाठीच आहे.

उपकारस्तुतीच्या पाकिटावर नाव आणि रक्कम यांच्याखाली दोन ओळींची मोकळी जागा ठेवा, 'कशाबद्दल' असं छापा, आणि पाळकांनी रक्कम न वाचता तेवढंच वाचावं. रकमा वाचल्या की दहा रुपयेवाला पाकीट टाकतच नाही, आणि दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं मार्क १२ मधलं अर्पण आपण आपल्याच हाताने बंद करतो. हे सगळं सणाच्या निदान तीन आठवडे आधी ठरलं पाहिजे. पाकिटं छापून यायला आठवडा जातो, चिठ्ठ्या लिहून घ्यायला एक रविवार लागतो, आणि शेतात राबलेल्यांची नावं विचारत घरोघरी फिरायला तरुण संघाची चार पोरं तरी हवीत.